पाच बोटांची चौकट

अनंत लिमये मास्तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याजवळ एक ट्रंक, एक छत्री आणि एक वेड होतं. ट्रंकेचं कुलूप मोडलं, छत्री विट्याच्या बाजारात गेली; वेड मात्र शाबूत राहिलं. ते वेड आलेखाचं. जगात जे जे मोजता येतं ते चौकटीच्या कागदावर उभं करता आलं पाहिजे, आणि जे उभं करता येत नाही ते मोजण्याच्या लायकीचंच नाही, असं मास्तरांचं ठाम मत होतं. खडकवळ्यासारख्या गावाला, विट्यापासून आत खडकाळ वाटेवर पडलेल्या त्या गावाला, हे मत कुणी न मागता मिळालं.

चौथीच्या वर्गाला त्यांनी पहिला आलेख शिकवला तो गावातल्या जनावरांचा. पोरं घरोघर हिंडून मोजदाद करून आली आणि फळ्यावर उभे खांब चढू लागले. बैलांचा खांब बेताचा निघाला, म्हशींचा त्याहून ठेंगणा. शेळ्या मात्र आवरेनात. एका शेळीला एक चौकट देता देता फळा संपला, खडू भिंतीवर गेला, आणि शेवटी हणमा नावाचा पोरगा स्टुलावर उभा राहून आढ्याखाली शेळी काढायला लागला. मास्तर याच घटकेची वाट बघत होते. त्यांनी हणम्याला खाली उतरवलं, सगळा फळा पुसला आणि छाती काढून सांगितलं, "यासाठी प्रमाण लागतं. एक चौकट म्हणजे पाच शेळ्या."

पोरांनी माना डोलावल्या. हणम्याची मान काही डोलेना.

"मास्तर, आमच्या सात हाईत. पाचांची एक चौकट झाली. ऱ्हायलेल्या दोन कुटं बांदायच्या?"

आता खरं सांगायचं तर चौकट अर्धीमुर्धी रंगवता येते हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. पुण्यात त्यांनी स्वतः रंगवली होती आणि शाबासकीही घेतली होती. पण चौथीच्या पोरांपुढे दोन पंचमांशाचा विषय काढायचा म्हणजे पुढचा पंधरवडा त्यातच जाणार, आणि गेरूत बुडवलेला काथ्याचा कुंचला हातात आला की ही पोरं दोनाचे चार करणार. म्हणून मास्तरांनी सोयीचा नियम काढला. तीन किंवा जास्त उरले तर पुरी चौकट रंगवायची. दोन किंवा कमी उरले तर सोडून द्यायचे.

"सोडून द्यायच्या? लांडगा न्हाई का खानार?" हणमा म्हणाला.

वर्ग हसला, हणम्याच्या तळहातावर छडी पडली आणि नियम कायम झाला. वर्गातले पुष्कळ नियम असेच कायम होतात.

सन एकेचाळीसचा पावसाळा सरत आला होता. लढाई तिकडे सातासमुद्रापलीकडे पेटली होती आणि तिची धग विट्याच्या कचेरीपर्यंत आली होती. दसरा झाला की विट्याला मोठा मेळावा भरायचा होता. भरतीचा गोरा साहेब येणार, मामलेदार येणार, आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेनं काहीतरी करून दाखवायचं असा हुकूम होता. हा हुकूम घेऊन शाळाखात्याचे दिपोटी साहेब घोड्यावरून खडकवळ्यात उतरले. आधीच्या गावांनी त्यांना लेझीम दाखवलं होतं, त्याआधीच्या गावांनीही लेझीमच दाखवलं होतं, आणि दिपोटींच्या कानात अजून ती छमछम चालू होती. म्हणून खडकवळ्याच्या फळ्यावर शेळ्यांचा आलेख दिसला तेव्हा त्यांना गार पाणी मिळाल्यासारखं झालं.

"हे काय आहे, लिमये?"

मास्तरांनी सांगितलं. प्रमाण सांगितलं, सोडून द्यायचा नियमही सांगितला. दिपोटींनी दोन्ही गोष्टी समजल्याचा चेहरा केला.

"फर्स्ट क्लास. एवढंच करा, शेळ्यांच्या जागी शिपाई घाला. गावातून किती माणूस लढाईवर गेलं ते कापडावर काढा. साहेब खूश होईल." मग घोड्यावर बसता बसता आवाज खाली आणून म्हणाले, "साताऱ्यात एक जागा रिकामी होतेय. तुमच्या घरचं माणूस तिकडेच आहे ना?"

मास्तरांच्या घरचं माणूस म्हणजे चारुशीलाबाई. साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवायच्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि नवराबायकोची गाठ पडायची ती दिवाळीला नि उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाकीचे दिवस मास्तर स्वतःच्या हातची करपलेली भाकरी खात आणि साताऱ्याच्या नावानं उसासे टाकत. त्या दिवशी दिपोटींचं घोडं ओढ्यापलीकडे दिसेनासं झालं तरी मास्तर वेशीत उभेच होते. मनातल्या मनात त्यांचं बिऱ्हाड साताऱ्यात थाटून झालं होतं, चुलीवर दुसऱ्या कुणीतरी टाकलेली भाकरी फुगत होती.

खडकवळ्यात आळ्या दोन. वरची आळी नाथाजी पाटलाची, खालची आळी गुंडा तात्याची. दोन्हींत पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं. का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं, त्यामुळे ते मिटवताही येत नव्हतं. बेंदराला बैल सजवून वेशीत आणले की कर तोडायला आधी पाटलाचा बैल जायचा. त्याच्या शिंगानं तोरण तुटल्याशिवाय बाकीच्यांनी पाऊल टाकायचं नाही. एका वर्षी गुंडा तात्याच्या खोंडाला ढोलाच्या आवाजानं चेव आला आणि तो वीतभर पुढं घुसला, तर तीन डोकी फुटली होती. खोंडाला काही झालं नाही.

पोरं पुन्हा घरोघर हिंडली. या खेपेला मोजायची होती ती माणसं. कुणाचा थोरला, कुणाचा मधला, कुणाचा जावई. गावकुसाबाहेरच्या वस्तीतूनही माणसं पलटणीत गेली होती, आणि थोडीथोडकी नव्हे. पण ती मास्तरांनी आलेखात धरली नाहीत. विचारलं तर कापड अपुरं पडलं म्हणून सांगत.

मांजरपाटाचा लांबरुंद तुकडा आणून मास्तरांनी त्यावर चौकटी आखल्या. एक चौकट पाच बोटं उंच, एका माणसाला एक बोट, असा त्यांचा सुबक हिशेब. डावीकडे मानाप्रमाणे वरची आळी, उजवीकडे खालची. वरच्या आळीची माणसं निघाली सतरा, खालच्या आळीची अठरा. सतरात पाचाच्या तीन चौकटी भरून दोन उरले. ते नियमाप्रमाणे सोडून दिले. अठरात तीन भरून तीन उरले. त्यांना नियमाप्रमाणे पुरी चौकट मिळाली. पाटलाचा खांब तीन चौकटींचा झाला, गुंडाचा चार. मास्तरांनी आपल्या हातानं गेरूचा शेवटचा हात फिरवला, दोन पावलं मागं सरून बघितलं आणि म्हणाले, "वा." त्यांना गणित दिसत होतं. गाव दिसत नव्हतं.

बाजारच्या दिवशी कापड शाळेच्या भिंतीवर टांगलं, आणि दिवस मावळायच्या आत नाथाजी पाटील आला. मागं त्याचे दोन लेक, कोंडीबा आणि बंडा. तालमीतल्या खुराकावर पोसलेले, मानेला वळ्या पडलेले. पाटील कापडापुढं उभा राहिला.

"मास्तर, ह्यो खांब कुनाचा?"

"आपला. वरच्या आळीचा."

"आन् ह्यो?"

"खालच्या आळीचा."

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. "बेंदराला कर तोडाय पयला बैल कुनाचा जातो?"

"आपला."

"मग हितं गुंडाचा बैल म्होरं कसा गेला?"

मास्तरांनी समजावून सांगितलं. सतरा, अठरा, चौकट, प्रमाण. पाटील ऐकत होता, पण नजर खांबांवरनं हलत नव्हती.

"म्हंजी फरक एका मानसाचा?"

"एकाच माणसाचा."

"आन् एका मानसापायी खांब एवडा उच्च? एवडा उच्च मानूस गुंडाच्या आळीत जलमाला न्हाई आजून!"

मास्तरांच्या ओठावर खरं उत्तर आलं होतं. तुमची चौकट दोन बोटं रंगवतो, त्यांची तीन बोटं रंगवतो, मग एका बोटाचा फरक राहील आणि लांबून तोही दिसणार नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या आलेखात लांबून काही दिसत नाही त्याला आलेख कोण म्हणणार? आणि दिपोटींनी फर्स्ट क्लास म्हटलेलं काम आपणच खोडायचं, मग ती साताऱ्याची जागा? मास्तरांनी उत्तर गिळलं आणि नियम सांगितला. तिनाला पुरी चौकट, दोनाला काही नाही.

पाटलाला नियम समजला नाही, पण त्यातलं त्याला हवं तेवढं समजलं. "म्हंजी आमी एका मानसानं कमी पडतो. ह्ये आधी सांगायचं! टाकतो की एक मानूस आनून."

कडब्याची एक पेंढी कमी पडावी आणि गड्याला सांगून मागवावी, अशा सुरात तो हे बोलला. मागं त्याचे दोन पहिलवान उभे होते. त्यांच्याकडे पाटलाची नजर गेली नाही, आणि मास्तरांनीही नेली नाही.

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला पाटलाला फार लांब जावं लागलं नाही. वरच्या आळीच्या टोकाला राहीबाई राहायची. नवरा मागंच गेला होता, पदरात एकुलता एक अर्जुना. उसाचा लहानसा तुकडा होता, आणि त्याला पाणी पाटलाच्या विहिरीचं. मोटेची पाळी पाटील ठरवायचा. त्यानं राहीबाईला दमदाटी केली नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. एवढंच म्हणाला की यंदा विहिरीला पाणी कमी दिसतंय, पाळ्या पुन्हा लावाव्या लागतील, आणि आळीच्या अब्रूसाठी जे उभे राहतील त्यांचा विचार आधी होईल. ऊस कमरेला लागला होता. पाण्याविना तो आठ दिवसांत वाळवणाला टाकल्यासारखा झाला असता.

शाळेची जमीन सारवायचं काम राहीबाईकडे होतं. दुसऱ्या दिवशी ती शेणाची बादली घेऊन आली, पण बादली दारातच आपटून ठेवली.

"मास्तर, माज्या पोराला तुमच्या फडक्यासाटी न्यायला लागल्यात म्हनं."

"फडकं नाही राहीबाई, आलेख आहे तो."

"काय आसंल ते मसनात जाऊ द्या. एक चौकट कमी पडती म्हनं पाटलाला. मग रंगवा की एक चौकट! गेरू न्हाई काय? मी आनून देती."

"असं मनाला येईल तसं रंगवता येत नाही. नियम असतो."

"कुनाचा नियम?"

'माझा' असं मास्तर म्हणणार होते. पण तो शब्द फार लहान वाटला, म्हणून ते म्हणाले, "गणिताचा."

राहीबाई त्यांच्याकडे बघत राहिली. गणित नावाचा कुणी पाटलाहून मोठा पाटील असावा आणि त्याच्यापुढं कुणाचंच चालत नसावं, असं तिला वाटलं. तिचा आवाज एकदम उतरला. "आवं मास्तर, तुमच्या हाताखाली शिकलाय त्यो. एकला हाय. पाटलाला येवडं सांगा, चित्र चुकलंय. बामनाच्या तोंडचं त्यो ऐकंल. माज्यासाटी येवडं करा."

"चित्र चुकलेलं नाही," मास्तर म्हणाले. आणि ते खरं होतं, म्हणून तर ते इतक्या सहज बोलता आलं.

"मग तुमच्या गनिताला किडं पडूत!" राहीबाई म्हणाली आणि बादली उचलून चालती झाली. त्या आठवड्यात शाळा सारवली गेली नाही. पोरांच्या चड्ड्यांना धूळ लागली आणि मास्तरांनी त्याबद्दल बोर्डाकडे तक्रार करावी की काय, याचाही विचार करून पाहिला.

अर्जुनाचं विचाराल तर तो खुशीत होता. मिसरूड फुटलेल्या पोराला बूट, पट्टा आणि आगगाडी एकदम मिळणार असेल तर तो आईच्या डोळ्यांकडे कशाला बघेल? निघायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला आणि म्हणाला, "मास्तर, माजी चौकट मीच रंगवू?"

मास्तरांना हे फार आवडलं. शिक्षण जीवनाला भिडतं ते असं, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी पुण्यात ऐकलं होतं. त्यांनी कुंचला अर्जुनाच्या हातात दिला. पाटलाच्या खांबावर चौथी चौकट चढली. अर्जुना जीभ बाहेर काढून रंगवत होता, आणि मास्तर मागून सांगत होते, "रेषेबाहेर जाऊ नकोस." सतराचे अठरा झाले, दोन्ही खांब बरोबरीला आले, आणि बरोबरी झाली की मान डावीकडच्याचा म्हणून पाटलाचंही समाधान झालं. अर्जुना भरतीच्या गाडीत बसून बेळगावला गेला. तिथून पुढं कुठं नेणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. राहीबाईच्या उसाला पाणी मिळालं.

दसरा झाला आणि विट्याला मेळावा भरला. मांडव, पताका, पाणी मारलेली जमीन. साऱ्या तालुक्याचे पाटील नवे पटके बांधून आले होते. नाथाजी पाटलानं शोभा यावी म्हणून कोंडीबा आणि बंडा या दोघांनाही आणलं होतं, दोघांच्या डोक्याला गुलाबी फेटे. लेझीम झालं, पुन्हा लेझीम झालं, आणि गोरा साहेब जांभई दाबायला लागला तेव्हा दिपोटींनी खडकवळ्याचं कापड पुढं आणलं. मास्तर हातात वेताची छडी घेऊन बाजूला उभे राहिले. धोतर परीटघडीचं.

दिपोटींचा अंदाज असा होता की साहेब लांबूनच "व्हेरी गुड" म्हणेल. पण हा साहेब हिशेबी निघाला. खुर्चीवरनं उठला, कापडाजवळ गेला, खाली लिहिलेलं प्रमाण मुन्शीकडून वाचून घेतलं आणि बोट लावून चौकटी मोजल्या.

"चार. एक में पाँच. बीस आदमी." मग तो दुसऱ्या खांबाकडे वळला. "ये भी बीस." त्यानं मुन्शीला भरतीचं बाड उघडायला लावलं. मुन्शीनं पानं चाळली आणि सांगितलं की खडकवळ्याच्या दोन्ही आळ्यांचे अठरा-अठराच लागलेत.

साहेबाच्या कपाळाला आठी पडली. "दो-दो आदमी किधर गया? भाग गया?"

मांडवातले पटके एकमेकांकडे वळले. पलटणीतून पळालेला माणूस गावात सापडला तर काय होतं, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. दिपोटींनी मास्तरांकडे पाहिलं, आणि मास्तरांनी आलेखाकडे. नियम काढताना मास्तरांनी दोन शेळ्या सोडून द्यायचा विचार केला होता. न जन्मलेल्या दोन शेळ्या चौकटीत येऊन बसतात, याचा केला नव्हता.

पहिला उठला तो गुंडा तात्या. गुऱ्हाळ चालवणारा माणूस, घामाची आणि हसण्याची त्याला लाज नव्हती. "सायेब, आमची अटराच हाईत. वरची दोन मास्तरांनी रंगाच्या भरात दिल्यात बगा. पुसून टाका की, त्यात काय!"

मांडव खो खो हसला. साहेबालाही मुन्शीनं तर्जुमा करून सांगितलं तेव्हा हसू आलं. प्रकरण तिथंच मिटत होतं. नाथाजी पाटलानं उठून 'आमचीबी अठराच' एवढं म्हटलं की झालं. पण पाटलाच्या डोक्यात भलताच उजेड पडला. गुंडा आपल्या तोंडानं अठरावर उतरला. आपण विसावर राहिलो तर साऱ्या तालुक्यादेखत वरची आळी वर! बेंदराला फुटलेली तीन डोकी, बापजाद्यांचा मान, सगळं एकदम त्याच्या पटक्यात शिरलं. तो छाती काढून उभा राहिला.

"गुंडाचं ऱ्हाऊ द्या. आमची वीसच हाईत सायेब. दोन निगायच्या बेतात हाईत."

"किधर है?"

पाटलाचा हिशेब असा होता की गावी गेल्यावर आणखी दोन घरांच्या पाण्याच्या पाळ्या बदलायच्या. पण साहेब पाटलाच्या खांद्यावरनं मागं बघत होता. तिथं दोन गुलाबी फेटे होते, दोन मानेच्या वळ्या होत्या.

"ये दोनों?"

"पाटलाचेच लेक, हुजूर," मुन्शीनं मोठ्या हौसेनं सांगितलं.

"शाबास!" साहेबानं पाटलाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. "पाटील अपना बेटा देता है! दोनों देता है!" मामलेदारांनी टाळ्या वाजवल्या, मामलेदारांनी वाजवल्या म्हणून दिपोटींनी वाजवल्या, आणि दिपोटींनी वाजवल्या म्हणून सगळ्या शाळांनी वाजवल्या. एक शिपाई फीत घेऊन कोंडीबाच्या छातीला भिडला. छाती चांगली भरली. खुराक वाया गेला नव्हता.

पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. तो गर्दीतून वाट काढत मास्तरांपाशी आला आणि त्यांची बाही धरली. हा हात कधी कुणाची बाही धरणारा नव्हता. "मास्तर, सांगा की सायबाला. तुमचं ते गनित. तीन ऱ्हायली की पुरी चौकट, आसा नियम हाय म्हनावं. आवं, सांगा की! चित्र चुकलंय म्हना."

मास्तरांनी दिपोटींकडे पाहिलं. दिपोटी हसत होते आणि साहेबाच्या कानात काहीतरी सांगत होते. साहेब मास्तरांकडे बोट दाखवून मान हलवत होता. त्या एका मान हलण्यात मास्तरांना सातारा दिसला, किल्ल्यासकट.

"चित्र चुकलेलं नाही, पाटील," मास्तर म्हणाले.

हे म्हणताना त्यांना क्षणभर न्याय केल्यासारखंही वाटलं. दुसऱ्याची पोरं पाठवणाऱ्याला कशी अद्दल घडली, असं वाटून त्यांनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. माणसाला आपल्या भित्रेपणालासुद्धा झूल चढवायची हौस असते.

बदलीचा हुकूम दिवाळीच्या आत हातात पडला. सोबत दिपोटींचा निरोप होता. साहेबाला कापड फार आवडलंय, साताऱ्याच्या प्रदर्शनात मांडायचंय, येताना घेऊन या. फक्त खालच्या आळीचा खांब दुरुस्त करा, खरा आकडा दिसला पाहिजे. वरच्या आळीच्या खांबाला हात लावायची गरजच नव्हती. कोंडीबा आणि बंडा बेळगावला गेले होते आणि त्या आळीचे आता बरोबर वीस झाले होते. आलेख माणसांप्रमाणे काढतात, असं मास्तरांनी पोरांना शिकवलं होतं. इथं माणसंच आलेखाप्रमाणे निघाली, आणि पाटलाच्या वाड्यात दिवाळीला पणती लागली नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मास्तर रिकाम्या वर्गात बसले. बाहेर गाडी जुंपत होती. त्यांनी चुन्यात कुंचला बुडवला आणि गुंडाच्या खांबाची वरची दोन बोटं पांढरी करून टाकली. काम नेटकं झालं. चौकट बरोबर तीन बोटांवर थांबली, खाली गेरू, वर चुना, मधली रेघ सरळ. पुण्याच्या प्रोफेसरांनी पाठ थोपटली असती.

दारात बादली वाजली. राहीबाई सारवायला आली होती. मास्तर जाणार म्हणून नव्हे, शाळा सारवायची होती म्हणून. तिनं पदर खोचला, शेण कालवलं, आणि कालवता कालवता वर बघितलं.

"ह्ये काय केलंसा?"

"गुंडा तात्यांचे अठरा आहेत ना. म्हणून तीनच बोटं ठेवली."

राहीबाई उठली. कापडाजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं, पण रंग कुठं थांबलाय ते दिसत होतं.

"म्हंजी आसं बोटाबोटानं रंगवता येतंय व्हय?"

मास्तर कुंचला धुवायला लागले. "येतं."

"तवाबी येत हुतं?"

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. या खेपेला 'गणित' म्हणायचीही सोय नव्हती. गणित समोर भिंतीवर टांगलेलं होतं. मास्तरांना लाज वाटली. खरोखरीची लाज, कानापर्यंत चढलेली. अशी लाज त्यांना विट्याच्या मांडवात वाटली नव्हती आणि अर्जुना जीभ काढून रंगवत होता तेव्हाही वाटली नव्हती.

"येत होतं," ते म्हणाले.

"मग आर्जुना घरीच ऱ्हायला आसता, तर आमचा खांब गुंडाच्यापरीस किती खाली आला आसता?"

मास्तरांनी एक बोट वर केलं.

राहीबाईनं त्या बोटाकडे पाहिलं. मग आपलं बोट, शेणानं माखलेलं, वरच्या आळीच्या खांबावर आडवं ठेवलं, अर्जुनानं रंगवलेल्या चौकटीत, आणि दाबून धरलं. काढलं तेव्हा गेरूवर बोटभर डाग उमटला होता.

"येवड्यापायी," ती म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. या खेपेला गणितालाही शिव्या दिल्या नाहीत. मागं फिरून बादलीशी बसली आणि कोपऱ्यापासून जमीन सारवत आली. हात फिरत होता, बांगड्या वाजत होत्या. मास्तर खुर्चीवर तसेच बसून होते. सारवत सारवत ती त्यांच्या पायांपर्यंत आली.

"पाय उचला मास्तर," ती म्हणाली. "मला सारवायचंय."

मास्तरांनी पाय उचलले. चौफेर ओली जमीन होती, आणि ते खाली कुठं टेकावेत हे त्यांना कळेना.